बीपीए आणि उंदीर: आधी कंट्रोल गटाकडे बघा

तुमचा प्रश्न असा आहे: बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, हे प्लॅस्टिक बनवायला वापरलं जाणारं रसायन अगदी सूक्ष्म मात्रेतही उंदरांना बाधतं असं एका ठिकाणी वाचलं, दुसरीकडे वाचलं की मोठ्या सरकारी अभ्यासात फारसं काही सापडलं नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा?

माझी सवय सांगतो. बीपीएचा कुठलाही प्राणी-प्रयोग वाचताना मी आधी ज्या उंदरांना तुलनेसाठी काहीच दिलं नव्हतं त्यांच्याकडे, म्हणजे कंट्रोल गटाकडे, बघतो. ते कशात राहत होते, कशातून पाणी पीत होते, काय खात होते?

याचं कारण 1998 सालची एक घटना. संशोधक पॅट्रिशिया हंट तेव्हा अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. पेशी विभागताना गुणसूत्रं मधोमध एका रांगेत यावी लागतात. ती रांग नीट न लागलेली बीजांडं कंट्रोल उंदरांमध्ये एरवी शंभरात एखाद-दोन असत. ऑगस्टमध्ये हे प्रमाण अचानक 40 टक्क्यांवर गेलं. बराच शोध घेतल्यावर कारण कळलं: पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशीच्या, खूप अल्कधर्मी साबणाने धुतल्या गेल्या होत्या. दोन्ही पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे. पॉलिकार्बोनेट म्हणजे बीपीएचे रेणू एकमेकांना जोडून केलेली साखळी. अल्कधर्मी द्रव्य आणि उष्णता लागली की तिचे जोड तुटतात आणि बीपीए सुटं होतं. हंट यांनी तेवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. त्यांनी पिंजरे मुद्दाम तशाच साबणाने खराब करून पाहिले, मग उंदरांना थेट बीपीएही दिलं. मात्रा वाढली तशी बिघडलेली बीजांडंही वाढली. हे सगळं 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. अपघाताला इतक्या चिकाटीने प्रश्न विचारणारं काम मला फार मोलाचं वाटतं.

तसं, बीपीए इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे 1936 मध्येच ब्रिटिश संशोधक चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं होतं, म्हणजे त्यापासून प्लॅस्टिक बनायच्या आधी. आणि 1993 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना यीस्टमधून येतंय असं वाटलेलं इस्ट्रोजेनसारखं द्रव्य प्रत्यक्षात दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून येत होतं.

आता मात्रेकडे येऊ. अमेरिकेतली जुनी सुरक्षित मर्यादा, दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे 50 मायक्रोग्रॅम, ही मोठ्या मात्रेच्या प्रयोगांवरून आली. सगळ्यात कमी दिलेल्या 50 मिलिग्रॅमलाही प्राण्यांचं वजन घटलं, म्हणून त्याला हजाराने भागलं. खाली जाऊन कोणी मोजलंच नव्हतं. 1997 मध्ये अमेरिकी संशोधक फ्रेडरिक व्हॉम साल यांच्या गटाने उंदरांच्या गाभण माद्यांना किलोमागे 2 आणि 20 मायक्रोग्रॅम दिले, तर नर पिल्लांची प्रोस्टेट ग्रंथी वजनाने वाढलेली दिसली. काही प्रयोगशाळांना तोच परिणाम मिळाला नाही, आणि वाद पेटला.

इथे उंदरांची जात महत्त्वाची ठरते. काही जाती इस्ट्रोजेनला चटकन प्रतिसाद देतात, काही फारच थोडा. खाद्यात सोया असेल तर त्यातली वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन कंट्रोल गटातही जातात. शिवाय संप्रेरकासारख्या द्रव्याचा परिणाम मात्रेबरोबर सरळ चढतोच असं नाही; थोड्या मात्रेला दिसलेला बदल जास्त मात्रेला नाहीसाही होऊ शकतो.

तुम्ही वाचलेला सरकारी अभ्यास बहुधा अमेरिकेतला 'क्लॅरिटी' असावा. त्यात रॅटना, म्हणजे मोठ्या उंदरांना, किलोमागे 2.5 ते 25,000 मायक्रोग्रॅम अशा पाच मात्रा दिल्या. 2018 मध्ये मुख्य भागाचा निष्कर्ष आला की परिणाम अत्यल्प. पण ज्या माद्यांना फक्त दूध तुटेपर्यंत बीपीए दिलं, त्यांच्यात सगळ्यात कमी मात्रेला, 2.5 ला, स्तनग्रंथींच्या गाठी कंट्रोलपेक्षा जास्त होत्या. वरच्या मात्रांना नव्हत्या. एका बाजूने हा योगायोग मानला, दुसऱ्या बाजूने नेमकं हेच अपेक्षित म्हटलं. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण एवढ्या एका आकड्यावर पैज लावणार नाही. क्लॅरिटी ज्या सरकारी केंद्रात झाला, तिथेच त्याआधी झालेल्या 90 दिवसांच्या अभ्यासात कंट्रोल रॅटच्या रक्तातही बीपीए सापडलं होतं, हे मात्र विसरू नका. कंट्रोल गटच स्वच्छ नसेल तर 'फरक दिसला नाही' याचा अर्थ फार थोडा उरतो.

माणसाबद्दल बोलायचं तर तोंडावाटे गेलेलं बीपीए आपलं यकृत लवकर निष्क्रिय करून लघवीतून बाहेर टाकतं, रॅटमध्ये मात्र ते पित्तातून आतड्यात जाऊन पुन्हा शोषलं जातं. म्हणून उंदराचा आकडा थेट आपल्याला लावता येत नाही. तरीही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये रोजची मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, वीस हजार पटींनी खाली, आणि त्यामागे उंदरांच्या प्रतिकारपेशींतला बदल होता. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही. बदल दिसणं आणि इजा होणं एक नव्हे, असा त्यांचा मुद्दा. तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे.

'बीपीए-मुक्त' लिहिलेलं वाचून निश्चिंत होऊ नका. त्याच्या जागी अनेकदा बीपीएस येतं, रचनेने जवळचं भावंड. हंट यांच्याच प्रयोगशाळेत पुन्हा कंट्रोल उंदीर बिघडले, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. या वेळी पिंजरे पॉलिसल्फोन या दुसऱ्या प्लॅस्टिकचे होते, आणि खराब झालेल्या प्लॅस्टिकमधून बीपीएस पाझरत होतं.