आरशापेक्षा वही बघ

अरे, जिमला येऊन तुला जेमतेम तीन आठवडे झालेत आणि रोज आरशासमोर दंड निरखतोस. विशीत मीही हेच करायचो. ‘काडीपैलवान’ हा शब्द इतका लागला होता की पोहायला जाणंच सोडलं, आणि त्याबरोबर मित्रही सुटले. ते दुःख अजून आहे.

सुरुवातीचे काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. आकार मागाहून येतो. तेव्हा वहीत वजन आणि रिप्स, म्हणजे ते सलग किती वेळा उचललंस, ते लिही. इन्स्टावरचे सिक्स पॅक बरेचदा पाणी पिणं कमी करून, प्रकाश साधून टिपलेले असतात.

जेवण चुकवावंसं वाटलं, लाजेनं लोकांना टाळायला लागलास, तर मला सांग. नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलता येतं.