जोग्याकार्तात बाटिक घेताना

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या जोग्याकार्ताला पहिल्यांदाच चालला आहेस, तर मालिओबोरो रस्त्यावर पहिल्याच संध्याकाळी पिशव्या भरू नकोस. तिथलं बरंचसं ‘बाटिक’ नुसतं छापील असतं. कापड उलटून बघ. छापील असेल तर मागची बाजू सहसा फिकी दिसते. खऱ्या बाटिकमध्ये, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडात, रंग आरपार उतरलेला असतो. त्यातही ‘चाप’ (आपल्या ‘छाप’सारखंच) म्हणजे तांब्याच्या ठशाने मेण लावलेलं, नक्षी एकसारखी. ‘तुलिस’ चांतिंगने, म्हणजे बारीक तोटीच्या लेखणीने, हाताने काढतात. एक ठिपका दुसऱ्यासारखा नसतो, कुठे मेणाचा थेंबही सांडलेला सापडतो. चांगल्या तुलिसला महिने लागतात, तेव्हा स्वस्तात मिळालं तर समजून जा.

रस्त्यात कुणी गोड बोलून ‘विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, आज शेवटचा दिवस’ म्हणालं, की हसून पुढे चालू लाग. मी गेलो होतो. फुकटचा चहा प्यायलो आणि कापडाला तिप्पट पैसे मोजून आलो!

घासाघीस बेरिंगहार्जो बाजारात खुशाल कर. चांदीचं काही हवं असेल तर कोटागेडेला जा. आणि घरी आल्यावर बाटिक साबणाच्या पावडरीत टाकू नकोस, रिठ्याच्या पाण्यात धू. जावातल्या बायकाही रिठाच वापरतात, त्याला ‘लेराक’ म्हणतात.