'बर्बर दागिने' लिहावं का?

प्रश्न असा: अल्जीरियातल्या चांदीच्या दागिन्यांवर मराठीत लेख लिहायचा आहे, तर त्यांना 'बर्बर लोकांचे मुलामा दिलेले दागिने' म्हटलं तर चालेल का? शिवाय 'तबझिम्त' या तिथल्या गोल दागिन्याला ब्रोच म्हणावं का?

'बर्बर' तर मुळीच नको. मराठीत ते रोजच्या बातम्यांतलं विशेषण आहे. 'बर्बर दागिने' म्हटलं की रानटी टोळीने लुटून आणलेला ऐवज डोळ्यांपुढे येतो. शब्दाचं कूळही तसंच आहे. परक्यांची भाषा ग्रीकांना नुसती 'बर बर' ऐकू येई, म्हणून ते 'बार्बरोस'. उत्तर आफ्रिकेतले हे 'बर्बर' लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनी इमाझिगेन. मोरोक्कोने २०११ मध्ये आणि अल्जीरियाने २०१६ मध्ये त्यांच्या भाषेला राज्यघटनेत अधिकृत भाषेचं स्थान दिलं, अल्जीरियाने तर 'तमाझिग्त' याच नावाने. लेखात एकदा कंसात 'बर्बर' द्या, शोधणाऱ्याच्या सोयीसाठी. पुढे अमाझिगच.

आता मुलामा. मुलामा धातूचा असतो, पितळेवर सोन्याचा वगैरे, आणि त्याला थोडा फसवणुकीचा वास आहे. इथे चांदीवर चढते ती काच. सोनाराच्या पेढीवर त्याला सरळ 'मिना' म्हणतात, तोच शब्द घ्यावा. मात्र एक फरक लेखात यायलाच हवा. जयपूरचा मिना बहुधा पत्र्यात कोरलेल्या खळग्यांत भरतात. अल्जीरियाच्या काबिली डोंगरांत, विशेषतः बेनी येन्नीच्या गावांत, कोरत नाहीत. चांदीच्या पत्र्यावर चांदीचीच बारीक तार झाळून घरं पाडतात, त्यांत रंगीत काचेची पूड भरतात आणि तापवतात. पूड वितळून घरात बसते. निळा आणि हिरवा पारदर्शक, पिवळा अपारदर्शक. मधे तांबडी पोवळी. (कृपा करून 'कोरल' लिहू नका, इतका चांगला शब्द घरात असताना.) कित्येक दागिन्यांना मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूलाही मिना असतो. ही विद्या स्पेनमधून बाहेर पडलेल्या मुस्लिम आणि ज्यू कारागिरांबरोबर आली असं मानतात. तेव्हा 'तारेच्या घरांतला मिना' एवढं म्हटलं की काम भागतं. मोरोक्कोतल्या तिझ्नितकडच्या दागिन्यांवरही मिना असतो, पण तुमचा लेख काबिलीपुरता असेल तर दोन्ही एका वाक्यात कोंबू नका.

उरला तबझिम्त. न शिवलेलं वस्त्र खांद्यांवर अडकवायला बायका जोडीने ज्या त्रिकोणी टाचण्या लावत, तो 'अब्झिम'. अरबीत 'इब्झीम' म्हणजे बक्कल. अमाझिग भाषेत नामाच्या आधी आणि शेवटी 'त' लावला की ते स्त्रीलिंगी होतं: अमाझिग, तमाझिग्त. तसंच अब्झिम, तबझिम्त. गंमत अशी की आपल्या डबा-डबीसारखं इथेही स्त्रीलिंगाने बहुधा लहान आकार कळतो, पण तबझिम्त चांगली मोठी गोल चकती असते. मुलगा झाला की आईने ती कपाळावर मिरवायची अशी रीत होती. कपाळावरच्या या दागिन्याला 'ब्रोच' म्हटलं तर कोटाची कॉलर आठवते. शब्द आहे तसाच ठेवा, पहिल्या वेळी 'टाचणीची गोल चकती' असा खुलासा करा, आणि मराठीतही तिला स्त्रीलिंगीच चालवा: ती तबझिम्त.