लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन आणि 1982 चा संप यांचा संबंध काय?

आपले आजोबा ज्या ‘लाल बावट्याच्या’, म्हणजे कम्युनिस्टांच्या, युनियनविषयी सांगत, ती आणि कामगार नेते दत्ता सामंतांचा 1982 चा गिरणी संप एकच का, असे आपण विचारले आहे. या दोन्हींमध्ये 54 वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच होता, तो म्हणजे कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी. आमच्या खानापूर तालुक्यातून अनेकजण मुंबईच्या गिरण्यांत गेले, माझे वडीलही गेले, म्हणून हा विषय मला घरचाच वाटतो.

गिरणी कामगार युनियन मे 1928 मध्ये, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या ऐन भरात स्थापन झाली. मालकांना एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे (माग) द्यायचे होते, आणि तसे झाले असते तर दर तिघांमागे एकजण घरी बसला असता. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे स्वतः गिरणीत राबलेले होते. सरचिटणीस श्रीपाद अमृत डांगे होते. तिचे खरे बळ मात्र गिरणीगणिक उभ्या राहिलेल्या गिरणी कमिट्यांत होते, असे माझे मत आहे. मार्च 1929 मध्ये मीरत खटल्यासाठी, म्हणजे कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवरील सरकारविरोधी कटाच्या खटल्यासाठी, आळवे, डांगे आदी पुढाऱ्यांना अटक झाली आणि युनियन खिळखिळी झाली.

पुढे 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला. तो काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला, आणि कामगारांचा विश्वास दुसरीकडे वळला तरी तिथेच राहिला. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उसळला आणि कामगार सामंतांकडे वळले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढीइतकीच, बदली कामगारांना (गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरते काम करणाऱ्यांना) कायम करा आणि तो कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी होती. वाटाघाटीचा हक्क संघाकडेच असल्याने सामंतांशी अधिकृत बोलणीच झाली नाहीत. त्यामुळे तडजोड झाली नाही आणि संप रीतसर मागेही घेतला गेला नाही.

माझे वडील बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे, नाव पुकारले तर खाडा भरून काढायचा, नाहीतर खोलीवर परतायचे. त्या पावसाळ्यात ते भातलावणीला गावी आले, ते पुन्हा गेले नाहीत. कडा झिजलेले त्यांचे बदली कार्ड अजून आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली आहे.