दुसऱ्यांदा जा

चि. मुली,

परवा तुम्ही दोघं येऊन गेलात आणि रात्री मला झोप लागेना. चपला घालता घालता तू विचारलंस, "काका, हे सोलापूर कधी आपलं वाटायला लागतं?" तुझा नवरा खाली गाडी सुरू करून उभा होता, तू उत्तराची वाट न बघता जिना उतरलीस. मलाही तेव्हा काही सुचलं नाही. म्हणून लिहितोय.

तुझी ती वही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चार महिन्यांत सतरा ठिकाणी जेवलात, प्रत्येकाला दहापैकी गुण दिलेत. पण सगळ्या वहीत एकही नाव दोनदा नाही. शेंगा चटणीपुढे 'तेलकट', कडक भाकरीपुढे 'पापडासारखी, चव नाही' आणि खाली रेघ. अगं, एका घासात निकाल लावतात का? दुसऱ्यांदा जा. जिथं पहिल्यांदा आवडलं नाही, तिथं तर नक्की जा.

चटणीत तेल कुणी ओतलेलं नसतं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ उखळात घालून कुटत राहिलं की दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होऊ लागतो. मिक्सरमध्ये फिरवलेली कोरडी भुकटी राहते, तिला इथलं माणूस चटणी म्हणत नाही. तू जिला कमी गुण दिलेस ती बरोबर केलेली होती. आणि कडक भाकरी पापडासारखी मोडून तोंडात टाकायची नसते. ती आमटीत कुस्करायची, जरा थांबायचं, मग खायची. नाहीतर घट्ट दही, वर चटणी, बाजूला फोडलेला कांदा. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोण सांगणार? गल्ल्यावरचा माणूस तुला ओळखत नाही. तिसऱ्यांदा गेलीस की तोच म्हणेल, "ताई, असं नाही, थांबा, दही देतो."

हे मी ऐटीत सांगत नाहीये. तुझी वही बघून दुखलं, कारण मी तुमच्याहून वाईट वागलो होतो.

१९८६ च्या जूनमध्ये आम्ही चिपळूणहून इथं आलो. लग्नाला आठ महिने झालेले. बँकेतले सगळे म्हणाले, तीन वर्षं काढ, मग बदली. मी ते इतकं मनावर घेतलं की निम्मी खोकी उघडूच दिली नाहीत. तांदूळ गावाहून एस.टी.नं यायचा, सुकी मासळी यायची. ज्वारी घरात आली नाही. शेजारी अक्का राहायच्या. घरात कानडी, आमच्याशी मराठी. पहिल्याच पंचमीला त्यांनी ताटभर शेंगापोळ्या आणि गव्हाची हुग्गी पाठवली. मी अर्धी पोळी खाल्ली, कोरडी लागली, आणि बायकोला म्हणालो, "ताट नेऊन दे, पण येणं-जाणं वाढवू नकोस. आपल्याला कुठं इथं राहायचंय?"

आपल्याकडे ताट रिकामं परत देत नाहीत. तिला भरून द्यायचं होतं, मला ते नको होतं, म्हणून ते ताट चार महिने आमच्या फळीवर पडून राहिलं. मी दहाला बाहेर पडायचो, सातला परत. त्या चार महिन्यांत ती दिवसभर कुणाशी बोलत होती? कुणाशीच नाही. हे मला तिनं कधी ऐकवलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा सहज बोलता बोलता निघालं, तेव्हा कळलं. आता ती नाही. मी तुला रागावतोय असं वाटलं तर ते ताट आठव.

दिवाळीनंतर एका दुपारी तीच उठली. नारळाच्या वड्या केल्या, ताटात भरल्या आणि मला न विचारता अक्कांकडे गेली. अक्कांनी ताटाचा विषय काढला नाही. तिला आत नेऊन काठवटीपुढं बसवलं. पीठ कोमट पाण्यात भिजवायचं आणि तळव्याच्या टाचेनं रगडत राहायचं, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत. मग थापायचं. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. पहिल्या दिवशी तिच्या तीनही भाकऱ्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. महिन्याभरानं मी घरी आलो तर तव्यावर भाकरी टम्म फुगलेली.

तू म्हणालीस तुझ्या भाकरीला चिरा पडतात, तुला जमतच नाही. पीठ कुठलं? मॉलमधलं पिशवीतलं, कधी दळलंय कुणास ठाऊक. त्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, त्याची भाकरी अक्कांनाही जमली नसती. मंगळवेढ्याची मालदांडी घे, कोपऱ्यावरच्या गिरणीत एका वेळी दोनच किलो दळून आण, आठवड्यात संपव. गिरणीवाल्याकडे दर आठवड्याला जायला लागेल. जायलाच हवं, मी तेच सांगतोय.

तुझ्या नवऱ्याला सांग, ऑफिसातला मुलगा त्याला 'काय बे' म्हणाला यात अपमान काही नाही. इथं ज्याच्याशी परकेपणा ठेवायचाय त्याला 'बे' म्हणत नाहीत, 'अहो साहेब' म्हणतात. 'काय करूलालास बे' असं कुणी विचारलं तर खुर्ची ओढून बसावं.

पाणी रोज येत नाही, मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो, धूळ आहे. यातलं काही मी नाकारत नाही. पण दर शनिवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला पळता, त्याचा मला राग येतो. गाडीचं नाव तरी एकदा मनात म्हणा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चारही नावं सलग वाच, कशी कशी घरं या गावात एकमेकांना लागून आहेत ते दिसेल. पूर्व भागात अजून गेलाच नाहीत ना? तिथं गल्लीगल्लीत मागांची खटखट आणि ओट्याओट्यावर तेलुगू. नवरात्रात बायका फुलांची बतकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. एकदाच बघून, फोटो काढून परतू नकोस. पुढच्या वर्षी परत जा आणि फेरात उभी राहा.

मी स्वतः गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेला पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्यात निघून आलो. ऊन, गर्दी, काही कळेना. दुसऱ्या वर्षी हिनं ओढून नेलं, अक्का बरोबर होत्या. संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वजाच्या उंच काठ्या तोलून उभी होती आणि अक्का हिच्या कानात एकेक गोष्ट सांगत होत्या. कोण सिद्धरामेश्वर, त्यांच्या योगदंडाशी जिचं लग्न लागतं ती कुंभारकन्या कोण, कुठली काठी कुणाची. हिच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या बाईचा आनंद होता. तो चेहरा मी एक वर्ष आधी बघू शकलो असतो.

१९९८ मध्ये बढतीसह मुंबईची बदली आली, ती मी नाकारली. माझ्याबरोबरचे लोक मोठमोठ्या खुर्च्यांवरून निवृत्त झाले. मुलगा आजही म्हणतो, बाबा, तुम्ही आमच्या शिक्षणाचं नुकसान केलंत. त्याला मी दरवेळी सांगतो आणि तुलाही सांगतो, मी चुकलो नाही. जिनं बारा वर्षं एकेक घर जोडत आणलं, तिला मी परत नव्या जिन्यात, अनोळखी दारांसमोर उभी करणार नव्हतो. एकदा केलं होतं, तेवढं पुरे.

तू सांगितलंस, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गणपतीत डब्यातून काहीतरी दिलं होतं आणि डबा अजून तुमच्याकडेच आहे. हे तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. या शनिवारची तिकिटं काढली असशील तर रद्द कर. ओल्या खोबऱ्याच्या वड्या तुला येतात, आईनं शिकवल्यात, मला माहीत आहे. नारळ मंगळवार पेठेत चांगला मिळतो, हलवून घे. आणि भोगीला सकाळी लवकर आमच्याकडे या, अक्षतांना आपण बरोबरच जाऊ. अक्का आता ऐंशीच्या पुढं आहेत, फार चालवत नाही, रिक्षा मी सांगून ठेवतो.

तुझा,
काका