पाण्यात कण, माशात मण

प्रश्न : कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा समुद्राच्या अफाट पाण्यात मिसळून अगदी विरळ होतो. मग त्यापासून माणसाला अपाय कसा होतो?

उत्तर : पारा विरळ होतो हे खरे, पण तो तसाच राहत नाही. तळाच्या गाळातील काही जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि हे संयुग सजीवांच्या शरीरात सहज शोषले जाते, बाहेर पडायला मात्र फार वेळ घेते. सूक्ष्म वनस्पतींनी ते पाण्यातून टिपले, त्या वनस्पती सूक्ष्म प्राण्यांनी खाल्ल्या, त्यांना लहान माशांनी आणि लहान माशांना मोठ्यांनी गिळले, की प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. म्हणूनच शार्कसारख्या शिकारी माशाच्या मांसातील पारा भोवतालच्या पाण्यातल्यापेक्षा लाखो पटींनी अधिक भरू शकतो.

जपानमधील मिनामाता येथे याचा भीषण प्रत्यय आला. १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेच्या या रोगाची अधिकृत नोंद होण्यापूर्वीच तिथली मांजरे झोकांड्या खात, गरगर फिरत मरू लागली होती. तीही माणसांप्रमाणेच तिथले पारा साठलेले मासे खात होती. (ही खूण वेळीच ओळखली गेली असती तर, असे राहून राहून वाटते.) माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टीचे क्षेत्र आकसले, बोलणे अडखळू लागले. मिथिल पारा वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) ओलांडून गर्भापर्यंत पोहोचत असल्याने वरवर धडधाकट दिसणाऱ्या मातांच्या पोटीही मेंदूला इजा झालेली मुले जन्मली.

धुतल्याने वा शिजवल्याने हा पारा जात नाही, कारण तो मांसातील प्रथिनांशी बांधलेला असतो. मासे सोडण्याची गरज नाही. गर्भवतींनी मोठ्या शिकारी माशांऐवजी लहान मासे निवडावेत.