जागलीलाही पाळ्या असतात

“आवडीनं, फुकटात सुरू केलेलं काम आता नकोसं झालंय. पण मी हात काढला तर लोकांचं अडेल. सोडू कसं?” हा प्रश्न घेऊन पूर्वी वाचनालय, भजनी मंडळ किंवा रक्तदानाचा गट चालवणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला यायची. आता ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर सांभाळणारी मुलंही येतात. त्यांचं काम गावात कोणाला दिसत नाही. रात्रभर मोबाईलवर असतो एवढंच घरच्यांना दिसतं, त्यामुळे दुखणं फार उशिरा कळतं.

दारव्हा तालुक्यातल्या २६ वर्षांच्या एका मुलाला इथे प्रशांत म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. फेब्रुवारीत वडील त्याला घेऊन आले. दिवसा तो ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवतो. चार वर्षांपूर्वी त्यानं दोन मित्रांसोबत कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणणारं साधन बनवलं. काम किचकट आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. रफाराचं नेमकं उलटं. एक जोडाक्षर चुकलं की अख्खी ओळ बिघडते. मित्र नोकरीला पुण्याला गेले, प्रशांत एकटा उरला. असा कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळावर १४० तक्रारी उघड्या पडल्या होत्या.

“मले रात्री दोनले जाग येते अन् हात मोबाईलवरच जाते, ताई. काल एकानं लिवलं, ‘जमत नसेल तर कशाला बनवलं?’ मी तं त्याले वळखतही नाही.”

आधी नैराश्य आहे का ते पाहावं लागतं. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असलेली पीएचक्यू-९ प्रश्नावली त्यानं भरली, गुण ८ आले. १० किंवा जास्त आले असते तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्यावर त्याच भेटीत सविस्तर बोलायचं. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. तो प्रत्येकाला लिहून द्यावा.

प्रशांतचं दुखणं बर्नआउटचं होतं: थकवा, कामाबद्दल तिटकारा, आणि ‘माझ्यानं काहीच होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये हीच तीन लक्षणं सांगितली आणि त्याला आजार न म्हणता कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. पगार नाही म्हणून ताण नाही, असं घरचे धरून चालतात. पण १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी या अवस्थेवर लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर मोफत दवाखान्यात राबणारी माणसंच होती.

पहिलं काम सात दिवसांच्या नोंदीचं दिलं. मोबाईल कधी उघडला, किती मिनिटं, कशासाठी. आठवड्याचे १७ तास निघाले. त्यात प्रत्यक्ष कोड अडीच तास. बाकी सगळा वेळ उत्तरं देण्यात, वाद वाचण्यात आणि ‘काही नवीन आलं का’ हे बघण्यात गेला होता. वही बघून तो बराच वेळ गप्प बसला. आवडीचं काम हातून कधी निसटलं ते त्यालाच कळलं नव्हतं.

मग वडील बोलले. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं शिरतात म्हणून त्यांची जागल, म्हणजे रात्रीची शेतराखण, सुरू होती. “जागलीले बी पाळ्या असतात, बापा. रोज एकच माणूस मचाणावर बसला तं त्याले समोरचं जनावर दिसत नाही.”

पाळी ठरली: मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. मोबाईलवरचं गिटहबचं ॲप काढलं. तरी बाराव्या दिवशी तो रात्री दीड वाजता दोन तास भांडत बसला, कारण सूचना ईमेलवर येतच होत्या. इथे बहुतेकांचं चुकतं. ॲप काढणं पुरत नाही. ईमेलच्या सूचना बंद कराव्या लागतात आणि रिपॉझिटरीवरचं (गिटहबवर साधनाचा कोड असतो त्या जागेवरचं) ‘वॉच’, म्हणजे कशाच्या सूचना याव्यात ते, फक्त स्वतःचा सहभाग किंवा उल्लेख असेल तेवढ्यापुरतं ठेवावं लागतं.

रीडमीत, म्हणजे साधनाच्या पानावरच्या माहितीत, वर लावायची सूचना त्यानं लिहून आणली. अकरा ओळींत पाच वेळा ‘माफ करा’ होतं. एकेक खोडताना तो विचारायचा, “लोकायले राग येईन ना?” शेवटी उरलं ते असं: ‘हे साधन एक माणूस मोकळ्या वेळात सांभाळतो. उत्तराला दोन आठवडे लागू शकतात. १० जून ते ३१ जुलै पेरणी आणि पीक विम्याच्या कामामुळे उत्तरं मिळणार नाहीत.’ त्याच्या साधनाला एमआयटी परवाना आहे. सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं. ते वाक्य त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. चार वर्षांत त्यानं ते नीट वाचलंच नव्हतं.

तक्रारीच्या नमुन्यात तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: फॉन्टचं नाव, मूळ ओळ, बाहेर आलेली ओळ. चौदा दिवसांत माहिती आली नाही तर तक्रार बंद. नेहमीची उत्तरं साठवून ठेवली. शिवीगाळ झाली तर चर्चेला कुलूप. गर्दीनं हल्ला आला तर गिटहबवर २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत बाहेरच्यांचं लिहिणं थांबवता येतं. ही सोय खुशाल वापरावी.

सगळ्यात जपून करायची गोष्ट म्हणजे वाटणी. थकलेला माणूस मदतीला येणाऱ्या पहिल्याच माणसाच्या हाती किल्ल्या देऊन मोकळा होतो. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या ओपन सोर्स साधनात हेच घडलं. आपली मनःस्थिती बरी नाही आणि हे बिनपगारी काम आहे, असं सांभाळणाऱ्यानं २०२२ मध्ये उघड लिहिलं होतं. वेग वाढवा, दुसरा माणूस घ्या, असा दबाव त्याच्यावर येत राहिला. दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवलेल्या एका खात्यानं पुढे त्यात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधणाऱ्या एका अभियंत्यामुळे ती उघड झाली. म्हणून पायऱ्या ठरवाव्यात: आधी फक्त तक्रारींची वर्गवारी, काही महिन्यांनी कोड तपासणं, मग तो मुख्य शाखेत, म्हणजे मूळ कोडमध्ये, घेणं. नवी आवृत्ती काढायचा अधिकार सर्वांत शेवटी, तोही दोघांच्या संमतीनं.

कोणीच मिळालं नाही तर रिपॉझिटरी ‘अर्काइव्ह’ करता येते. कोड वाचायला राहतो, ज्याला हवा तो फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, पुढे नेतो. हे ऐकून प्रशांतच्या डोळ्यांत पाणी आलं. बंद करणं आणि मोडून टाकणं त्याच्या मनात एकच होतं.

मे अखेरीस तक्रारी ६१ वर आल्या. पुष्कळशा माहिती न आल्यानं आपोआप बंद झाल्या. चंद्रपूरच्या एक शिक्षिका आता वर्गवारी करतात. झोप सहा तासांची झाली आहे, मधूनमधून अजून मोडते. आवृत्ती काढायला दुसरा माणूस मात्र मिळालेला नाही. पुढची भेट पोळ्यानंतर ठेवली आहे.